रेससाठी सोललेली जुनी येझदी पुन्हा रस्त्यावर कायदेशीर आणायची आहे

रानवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

काकांची येझदी २५० माझ्याकडे आली आहे. १९८० च्या दशकात नवी घेतलेली. काही वर्षं रोजच्या वापरात होती, नंतर काकांनी डर्ट रेससाठी ती सोलून काढली. आज तिला हेडलाइट नाही, हॉर्न नाही. मागचा मडगार्ड अर्ध्यात कापलाय, दोन्ही बाजूंचे सायलेन्सर जाऊन वर चढवलेला एकच एक्स्पान्शन चेंबर (रेसचा फुगीर सायलेन्सर) आहे आणि लांब सीटच्या जागी एकट्यापुरती सीट. इंजिन मात्र ठणठणीत.

काका आता नाहीत. त्यांच्या कपाटात आरसी बुक सापडलं, हाताने भरलेलं, कडा झिजलेल्या, पण आतलं वाचता येतं. नोंदणीची मुदत केव्हाच संपली आहे. वाहन पोर्टलवर नंबर टाकला की काहीच सापडत नाही. गाडी अजून काकांच्याच नावावर आहे.

मला ती शोभेला ठेवायची नाही. कच्च्या वाटांवर चालवायची आहे आणि त्या वाटांपर्यंत डांबरी रस्त्यानेही तीच घेऊन जायची आहे. पोलिसाने हात केला तर निर्धास्त थांबता आलं पाहिजे. ज्या गॅरेजमध्ये विचारलं तिथे एकच उत्तर मिळतं: आधी लाइट-हॉर्न लावून घ्या, मग बघू. सुरुवात तिथूनच करायची का?

निवृत्त_टेबल

परिवहन खात्यात नोंदणीच्या टेबलावर माझी नोकरी झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

लाइट-हॉर्न सगळ्यात शेवटी. आधी एकच गोष्ट ठरवा: ही गाडी कधीकाळी रस्त्यासाठी नोंदलेली होती की नाही? तुमची होती, आणि पुस्तक तुमच्या हातात आहे. म्हणजे तुम्हाला नवी नोंदणी करायचीच नाही. मुदत संपलेल्या नोंदणीचं नूतनीकरण करायचं आहे. या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नवी नोंदणी म्हणजे फॉर्म २०, सोबत विक्रेत्याचा फॉर्म २१ आणि गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र, फॉर्म २२. शिवाय आजचे प्रदूषण निकष. जुन्या गाडीला हे जमणारं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१७ पासून बीएस-३ (भारत स्टेज, म्हणजे प्रदूषण निकषांची पायरी) गाड्यांची आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ गाड्यांची विक्री-नोंदणी बंद केली. तुमची येझदी तर भारतात हे निकष यायच्या कितीतरी आधीची.

नूतनीकरणाला यातलं काही लागत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते आणि पुढे दर वेळी ५ वर्षांनी वाढवून मिळते. फॉर्म २५ भरायचा, गाडी मोटार वाहन निरीक्षकाला दाखवायची, शुल्क भरायचं. गाडी ज्या काळातली, त्या काळाच्या निकषांवर तपासली जाते.

तुमच्या बाबतीत त्याआधी दोन कामं आहेत. पहिलं, पोर्टलवर गाडी दिसत नाही कारण तेव्हाच्या नोंदी कागदी नोंदवह्यांत आहेत. मूळ आरटीओत पुस्तक घेऊन जा आणि बॅकलॉग नोंदीसाठी लेखी अर्ज द्या. नोंदवहीतलं पान आणि तुमचं पुस्तक जुळलं की गाडी संगणकात चढते. तोवर ऑनलाइन कुठलाही अर्ज उघडणार नाही, आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटीही मिळणार नाही. दुसरं, वारसाच्या नावे हस्तांतरण, फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागेल. काकू, चुलत भावंडं, सगळ्यांच्या सह्या आत्ताच घेऊन ठेवा. माझ्या अनुभवात फायली अडतात त्या बहुतेक इथेच.

पुस्तकात कराचे शिक्के कुठवर आहेत तेही बघा. एकरकमी कर भरल्याची नोंद नसेल तर थकबाकी निघते.

मातीतला

निवृत्त_टेबल साहेब, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

रानवाट, एक महत्त्वाचं. इंजिन आणि चॅसीचे नंबर पुस्तकाशी ताडून पाहिलेत का? रेसच्या गाड्यांना इंजिनं बदलायची पद्धतच होती. आज बसवलेलं इंजिन दुसऱ्याच गाडीचं असू शकतं. जावा-येझदीत कारखान्यातून साधारणपणे दोन्हीकडे एकच क्रमांक असायचा, त्यामुळे लगेच कळेल.

रानवाट

इंजिनचा नंबर पुस्तकाशी जुळतो. चॅसीचा नंबर हँडलच्या खाली मानेवर असतो एवढं माहीत आहे, पण तिथे रंगाचे थर चढलेत. वर थोडा गंज. ग्राइंडर मारून साफ करू का?

मातीतला

नका, ग्राइंडर अजिबात लावू नका! नंबरवर घासल्याची खूण दिसली की निरीक्षकाच्या मनात पहिली शंका चोरीची येते, आणि ती शंका रास्त असते.

पेंट रिमूव्हर ब्रशने लावा आणि रंग फुगेपर्यंत थांबा. मग नायलॉनच्या ब्रशने किंवा लाकडी काडीने काढा. तारेचा ब्रशही नको. गंजावर डिझेलचा बोळा रात्रभर बांधून ठेवा, सकाळी कापडाने पुसा. अक्षरं उथळ वाटली तर खडूची पूड चोळून वरची पुसून टाका, खाचेत पांढरं राहतं. टॉर्च समोरून न धरता बाजूने, तिरपा धरा आणि फोटो काढा. मग पातळ कागद ठेवून पेन्सिलचा छाप घ्या. आरटीओत छाप लागतोच, आधी घरी दोन-चार काढून बघा.

पूर्ण झाल्यावर तेलाचा हलका हात द्या. रंग लावू नका.

घाटवळण

वाचतोय. माझ्या मित्राची आरएक्स १०० अशीच पडून आहे. शुल्क किती येतं ते कुणी सांगेल का?

निवृत्त_टेबल

एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारसायकलच्या नूतनीकरणाला १,००० रुपये आहेत. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांपुढच्या दुचाकीला २,००० केले. आरएक्स १०० १९९६ साली बंद झाली, त्यामुळे मित्राची गाडी दुसऱ्या गटात. याशिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर वेगळा.

खरा भार विलंब शुल्काचा. दुचाकीला महिन्याला ३०० रुपये. वर्षानुवर्षं पडून असलेल्या गाडीची ही रक्कम मूळ शुल्काच्या कित्येक पट होते. बॅकलॉग झाल्यावर अर्ज भरताना पोर्टल पूर्ण आकडा दाखवतं. तो बघितल्याशिवाय गाडीच्या रंगरंगोटीवर पैसे घालू नका, आणि "एवढ्यात सगळं करून देतो" म्हणणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

झटपट

एवढ्या भानगडीत पडायचं कशाला? भंगारात गेलेल्या येझदीचं चालू आरसी मिळतं. तो नंबर आपल्या चॅसीवर पंच करायचा, काम संपलं. बरेच जण करतात.

वकिलीण

झटपट, हे इथे लिहिलंत म्हणून स्पष्ट उत्तर देते. दुसऱ्या गाडीचा क्रमांक आपल्या चॅसीवर ठोकणं म्हणजे बनावटीकरण, आणि तो कागद खरा म्हणून दाखवणं म्हणजे फसवणूक. दोन्ही भारतीय न्याय संहितेखालचे गुन्हे आहेत. दंड भरून सुटण्यातलं हे प्रकरण नाही, गाडी जप्त होते आणि खटला उभा राहतो. शिवाय ज्या गाडीचं आरसी घेतलं ती चोरीची निघाली, किंवा तिच्यावर अपघाताचा दावा बाकी असला, तर ते सगळं तुमच्या दारात येतं.

रानवाटच्या गाडीला स्वतःचा खरा कागद आहे. तिच्यावर खोटा क्रमांक ठोकला की तो खरा कागद कायमचा मेला. यापेक्षा मोठं नुकसान त्या गाडीचं कुणी करू शकत नाही.

चॅसी नंबर गंजून खरोखरच गेला असेल तर आरटीओची लेखी परवानगी घेऊन तोच नंबर पुन्हा उमटवून घेण्याची अधिकृत वाट आहे. ती धरा.

मातीतला

पूर्ण सहमत. या असल्या गाड्यांमुळेच प्रामाणिक माणसाच्या जुन्या गाडीकडे संशयाने बघितलं जातं.

लाल_माती

थोडं अवांतर, पण विषय जवळचा म्हणून विचारतो. माझ्याकडे कावासाकी केएक्स १२५ आहे, दोन स्ट्रोक, जुनी मोटोक्रॉस. एका स्पर्धकाकडून घेतली, त्यानेही दुसऱ्या कुणाकडून घेतली होती. कागद एकही नाही. लाइट, आरसे, हॉर्न, पाटी लावायची जागा, सगळं मी स्वतः बसवलं आहे. फॉर्म २० भरून बघू का?

निवृत्त_टेबल

लाल_माती, तुमची मेहनत दिसते आहे, म्हणून सांगताना वाईट वाटतं. ही गाडी रस्त्यासाठी नोंदली जाणार नाही.

नोंदणीला येणाऱ्या प्रत्येक मॉडेलला केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली चाचणी संस्थेची मान्यता लागते. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची (पूर्वीचं अहमदनगर) व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट या अशा संस्था. मान्यता मॉडेलला मिळते आणि ती उत्पादक घेतो. केएक्स ही कारखान्यातूनच बंदिस्त ट्रॅकसाठी बनलेली गाडी. आजही कंपन्या भारतात मोटोक्रॉस गाड्या विकतात, पण रस्त्यावर चालवायच्या नाहीत हे सांगूनच. तुम्ही लावलेले दिवे चांगले असतील, पण त्यांनी फॉर्म २२ तयार होत नाही.

दुसरा प्रश्न याहून गंभीर आहे. ती देशात आली कशी? परदेशी गाडीच्या नोंदणीला कस्टमचा कागद लागतो. स्पर्धेसाठी कार्नेटवर (तात्पुरत्या आयातीच्या कागदावर) आलेली गाडी परत बाहेर नेण्याच्या अटीवर आलेली असते. ती इथेच राहिली असेल तर कस्टम कायदा १९६२ खाली जप्त होऊ शकते. जुनी म्हणून आता रीतसर आयात दाखवावी, तर वापरलेली गाडी आणताना ती ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.

लाल_माती

समजलं. मग ती शेतातून, टेकडीवर फिरवायला तरी हरकत नाही ना?

वकिलीण

शेत तुमचं असेल, किंवा मालकाची परवानगी असेल आणि लोकांना येण्या-जाण्याचा हक्क नसेल, तर धोका कमी, पण अगदी निर्धास्त राहू नका. आणि कायद्यात "सार्वजनिक जागा" याचा अर्थ केवळ डांबरी रस्ता नाही. जिथे लोकांना जायचा हक्क आहे ती पाणंद, तो किनारा, ती टेकडीवरची वाट, सगळं त्यात येतं. कलम ३९ प्रमाणे सार्वजनिक "किंवा इतर कुठल्याही" जागी नोंदणीशिवाय गाडी चालवता येत नाही. टेकडी वन खात्याची असेल तर तो निराळा गुन्हा. वन्यजीव क्षेत्र असेल तर त्याहून कडक.

दंडाची रक्कम मला दुय्यम वाटते. कलम १९२ खाली पहिल्या वेळी ५,००० पर्यंत, ते कुणीही भरेल. पण पाणंदीतून येणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला धक्का लागला तर? नोंदणी नाही म्हणून विमा नाही, विमा नाही म्हणून भरपाई तुमच्या खिशातून, प्रसंगी घर-जमीन विकून. आणि त्या बाईच्या घरच्यांना पैसे वेळेवर मिळत नाहीत, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. विमा आहे पण नोंदणीची मुदत संपली आहे, अशा गाडीचा दावा नाकारणं योग्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. रानवाट, तुम्हीही हे लक्षात ठेवा. काम पूर्ण होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, आरटीओतसुद्धा टेम्पोत घालून न्या.

मातीतला

लाल_माती, केएक्स विकू नका. एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाच्या मान्यतेने डर्ट ट्रॅक, मोटोक्रॉसच्या स्पर्धा होतात, सरावाचे खाजगी ट्रॅकही आहेत. पिकअपमध्ये घालून न्यायची, चालवायची, परत आणायची. ती गाडी त्यासाठीच जन्मली आहे आणि तिथे जे सुख देते ते रस्त्यावर देणारच नाही. दिवे उतरवून ठेवा, वजन वाचेल.

घाटवळण

विंटेज नोंदणीचा नियम आला आहे ना? त्यात बसवता येईल का येझदी?

निवृत्त_टेबल

२०२१ चा नियम आहे, पण तो पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी. १९८० च्या दशकातली गाडी अजून बसत नाही. बसली असती तरी मी सुचवलं नसतं. नव्या विंटेज नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत १० वर्षं, आणि गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढता येते. शिवाय चॅसी, इंजिन यांत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. घाटात हिंडायचं असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. चॅसी नंबर निघाला! मातीतला यांनी सांगितलं तसंच केलं. डिझेलचा बोळा, खडूची पूड, तिरपा टॉर्च. सगळे आकडे स्वच्छ दिसतात आणि पुस्तकाशी जुळतात. पेन्सिलचा छापही छान उठला.

मूळ कार्यालयात बॅकलॉगचा अर्ज दिला. सुरुवातीला "एवढी जुनी नोंदवही मिळणार नाही" म्हणून परत पाठवत होते. मी लेखी अर्जावर पोच मागितली आणि नोंदणीची तारीख, पान दाखवलं. मग अभिलेख कक्षातल्या एका बाईंनी स्वतः शोधून वही काढून दिली. काकांची सही बघून खूप बरं वाटलं. काकूंनी आणि चुलत बहिणीने संमती दिली आहे.

आता गाडीकडे वळतो. मला रेसचा साज होता तसा ठेवून फक्त आवश्यक तेवढंच लावायचं आहे. एक्स्पान्शन चेंबर आणि एकट्याची सीट राहू दिली तर चालेल का?

वकिलीण

कलम ५२ प्रमाणे आरसीत नोंदलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आरसीत आसनक्षमता दोन लिहिलेली असणार. एकट्याची सीट ठेवलीत तर गाडी आणि कागद जुळत नाहीत. रंगसुद्धा पुस्तकातलाच ठेवा, किंवा बदलाची नोंद करून घ्या.

मातीतला

मी स्वतः रेस केलेला माणूस आहे, त्यामुळे तो चेंबर काढायला तुमचा जीव होणार नाही हे कळतं. तरीही काढा. आवाजाच्या एका मुद्द्यावर अख्खी तपासणी अडते. काकांचे सगळे रेसचे भाग पेटीत तेल लावून ठेवा, एकही विकू नका.

तपासणीत अडणाऱ्या गोष्टी बघून सांगतो. मागच्या चाकाचं किमान निम्मं अंग झाकणारा साडीगार्ड लागतो, मागच्याला धरायला पट्टा किंवा दांडी, आणि त्याच्यासाठी फूटरेस्ट. केंद्रीय नियम १२३ मध्ये हे आहे आणि रेसच्या गाडीत नेमकं हेच सगळ्यात आधी कापलेलं असतं. मडगार्ड पूर्ण हवा, कारण त्यावरच मागचा दिवा, परावर्तक आणि पाटीचा दिवा बसतात. एक चालू स्पीडोमीटर. आरसे.

टायरची बाजू नीट वाचा. मोटोक्रॉसच्या टायरवर एनएचएस अशी अक्षरं असतात, म्हणजे महामार्गावर वापरायचा नाही. तो काढाच. ओल्या डांबरावर त्याची पकड सुटते, हे कायद्यापेक्षाही महत्त्वाचं कारण आहे. आयएसआय खुणेचे, दोन्ही कामांना चालणारे टायर याच मापात मिळतात. कच्च्या वाटेला ते पुरतात.

जावा-येझदीवाल्यांचे गट देशभर आहेत, जुलैच्या दुसऱ्या रविवारी दरवर्षी जमतात. मूळ सायलेन्सरची जोडी आणि लांब सीट तिथे विचारा. बाजारातल्या नकली सायलेन्सरमध्ये आतली जाळी धड नसते, घेण्याआधी आत बोट घालून बघा.

वायरमन

वायरिंगबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

रानवाट, आधी उजवीकडचं इंजिन कव्हर उघडा. जुन्या येझदीत क्रँकच्या टोकाला ६ व्होल्टचा डायनामो असतो आणि इग्निशन बॅटरीवर चालतं. रेसवाले वजन कमी करायला डायनामो काढून सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) बसवत. आत काय आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं.

डायनामो जागेवर असेल तर सरळ मूळ पद्धतीने वायरिंग करा. नवी ६ व्होल्टची बॅटरी, कार्बन ब्रश तपासा, रेग्युलेटर तपासा. प्रकाश मंद असतो, पण तपासणीला पुरतो आणि मूळ गाडीशी जुळतो.

सीडीआय असेल तर स्टेटरवर (कॉइल बसवलेल्या स्थिर चकतीवर) दिव्यांची कॉइल आहे का बघा. मल्टीमीटरने मोजा. शेकडो ओहम दाखवणारी बारीक तारेची कॉइल ठिणगीची, ती दिव्याला उपयोगी नाही. जाड तारेची, एक ओहमच्या आत-बाहेर दाखवणारी हवी. नसेल तर चांगल्या रिवाइंडिंगवाल्याकडून रिकाम्या खांबांवर गुंडाळून घ्या. ३५/३५ वॅटचा १२ व्होल्टचा बल्ब एकटाच जवळपास ३ अँपिअर खातो. त्यावर मागचा दिवा ५ वॅट, ब्रेक दाबला की २१. म्हणून मागचा एलईडी करा, हेडलाइटला साधा बल्ब ठेवा.

कॉइलचं एक टोक बहुधा स्टेटरच्या पत्र्याला टाकलेलं असतं. ते सोडवून दोन्ही टोकं बाहेर काढा आणि पूर्ण लहरीच्या रेग्युलेटर-रेक्टिफायरला द्या. मग सगळा वीजपुरवठा डीसी होतो, छोटी बॅटरी लावता येते, हॉर्न मंद गतीवरही नीट वाजतो. हे न करता नुसता एसी दिवा ठेवलात तर चौकात उभं राहिलं की हेडलाइट डोळे मिटतो.

ब्रेकच्या दिव्याला मागच्या ड्रमच्या दांडीवर स्प्रिंगने ओढला जाणारा स्विच लावा. तो पेडल थोडं हललं की लागला पाहिजे, पूर्ण दाबल्यावर नव्हे. इंडिकेटर तुमच्या मॉडेलला मूळचे होते तेवढे लावाच. सगळे जोड सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी नळी. कच्च्या वाटेवर पिळलेले जोड टिकत नाहीत.

रानवाट

वायरमन, कव्हर उघडलं. सीडीआयच आहे, दिव्यांची कॉइल नाही. स्टेटर रिवाइंडिंगला दिला. दुसरं, पीयूसीची भीती वाटते. दोन स्ट्रोक धूर सोडणारच.

वायरमन

एवढं घाबरू नका. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम ही मर्यादा आहे. नीट जुळवलेली येझदी त्यात बसते. कार्ब्युरेटरमध्ये रेसचा मोठा जेट असेल तर मूळ मापाचा टाका, एअर फिल्टर बसवा, चांगलं टू-टी तेल कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात. जाण्याआधी गाडी चांगली गरम करा, म्हणजे सायलेन्सरमध्ये साचलेलं तेल जळून जातं. प्रमाणपत्र सहा महिने चालेल.

निवृत्त_टेबल

विमा आरटीओच्या तपासणीआधी घ्या. १५० ते ३५० सीसीला तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता २०२२ च्या दरपत्रकात १,३६६ रुपये अधिक कर होता. पीयूसी, विमा, छाप, पुस्तक, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळ्याच्या दोन प्रती. फॉर्म ३१ आणि २५ यांचा क्रम पोर्टल ज्या क्रमाने उघडेल तोच धरा. आणि नाव लागलं की आरसीत नॉमिनीचं नाव नोंदवून ठेवा. २०२१ पासून ती सोय आहे. तुम्हाला जे सोसावं लागलं ते पुढच्याला लागणार नाही.

रानवाट

छोटी माहिती देतो. बॅकलॉग मंजूर झाला, गाडी पोर्टलवर काकांच्या नावाने दिसते आहे. हस्तांतरणाचा अर्ज स्वीकारला गेला. विलंब शुल्काचा आकडा मोठा आहे, पण मी भरणार आहे. मूळ सायलेन्सरची जोडी एका सभासदाकडून मिळाली. मडगार्ड आणि साडीगार्डचं काम चालू आहे, स्टेटर आला की टेम्पो ठरवतो.

पायवाट

धागा उशिरा सापडला. माझी हिरो इम्पल्स आहे, नोव्हेंबर २०११ ची नोंदणी. रस्त्याचीच गाडी, पण वापर सगळा कच्च्यातच झाला. मलाही यातलं काही करावं लागेल का?

निवृत्त_टेबल

तुमचं सोपं आहे, फक्त तारीख चुकवू नका. तुमची १५ वर्षं नोव्हेंबर २०२६ मध्ये पूर्ण होतात. मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरता येतो. म्हणजे तुमची नेमकी तारीख बघून सप्टेंबर-ऑक्टोबरात अर्ज टाका, तपासणीची वेळ घ्या, १,००० रुपयांत नूतनीकरण होईल आणि पर्यावरण कर तेवढा वेगळा लागेल. त्याआधी एचएसआरपी पाटी लावून घ्या, मागचा मडगार्ड किंवा इंडिकेटर काढून ठेवले असतील तर परत बसवा, आणि आरसीवरचा पत्ता आजचाच आहे ना ते बघा. पत्ता बदलला असेल तर आधी तो अर्ज.

पायवाट

पत्ता जुनाच आहे, आणि मडगार्डचं टोक कापलेलं आहे. दोन्ही या महिन्यात करून घेतो. धन्यवाद साहेब.